चार नंबरची विहीर

माझ्या धाकट्या बहिणीची वही एका माणसाने "दोन दिवसांत देतो" म्हणून नेली आणि परत दिली नाही. पुढे मी जे केलं ते त्या वहीपायी केलं. ते बरोबर होतं असं आमच्या घरात कुणीच मानत नाही. मी मानते.

मी चौथी पास. पाचवीत जायच्या वेळी ही बहीण जन्मली, आई अंथरुणाला खिळली, आणि पाटी सोडून मी पाळणा धरला. त्यामुळे हिने शिकलंच पाहिजे असा माझा हट्ट होता. माया वगैरे म्हणू नका. माझं गेलेलं कुणीतरी भरून द्यायला हवं होतं, आणि घरात तीच होती. मुंबईला मामाकडे राहून ती रसायन घेऊन बी.एस्सी. झाली. आमच्या चामटोलीत तोवर एक मुलगाही बी.एस्सी. झाला नव्हता.

वडील शेतकरी. त्यांनी तिला शिकू दिलं, पण निकाल लागल्यावर चिलीम खाली ठेवून म्हणाले, "अक्षय्य तृतीयेपर्यंत नोकरी लागली तर लागली. नाहीतर मुरबाडचं स्थळ आहे." मुरबाडचं स्थळ म्हणजे दोन पोरांचा बाप, बायको वारलेली, भाताची गिरणी. बहिणीपेक्षा सोळा वर्षांनी मोठा. वडिलांचा शब्द बदलत नसे. बहीण नोकरी शोधायला माझ्याकडे बदलापूरला येऊन राहिली.

माझे यजमान अंबरनाथच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. लहान कारखाना, पण त्याला स्वतःची प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळेचा मुख्य एक केमिस्ट. त्याला आपण केमिस्टसाहेबच म्हणू.

बहिणीच्या कॉलेजातल्या सरांनी तिला सांगितलं होतं, "नुसती मार्कांची यादी घेऊन दारोदार फिरू नकोस. कुठेतरी काम कर. चार लोकांना तुझं काम दिसू दे, ओळखी होऊ देत." त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत सर काही विद्यार्थ्यांना घेऊन उल्हासनगरच्या छावणीत आले. फाळणीनंतर आलेली सिंधी माणसं तिथे जुन्या लष्करी बराकींत राहत होती, आणि पोटाचे आजार हटत नव्हते. मुलांनी बराकी मोजायच्या, आजारी माणसं लिहायची, विहिरीत औषध टाकायचं. बहीणही गेली. एकटी मुलगी कशी पाठवायची म्हणून मी बरोबर.

औषध टाकलं की पाणी जांभळं-लाल व्हायचं. एक सिंधी म्हातारी कमरेवर हात ठेवून माझ्या बहिणीला म्हणाली (अदी म्हणजे त्यांच्यात ताई), "अदी, हमको पानी पिलाना है के रंगना है?"

बहीण म्हणाली, "अम्मां, शाम तक रंग चला जायेगा."

"और बीमारी?"

"वो भी."

"वो पहले भेज. रंग रहने दे, अच्छा है."

बराकीभर बायका हसल्या. तिथेच केमिस्टसाहेब भेटले. कारखान्याकडून औषधाचे डबे आले होते, ते घेऊन आले होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, आवाज गोड. बहिणीने डब्यावरचं वाचून किती पाण्याला किती औषध ते तोंडी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "वा, मुली! आमच्याकडे एक जागा निघणार आहे. काहीतरी स्वतःचं काम करून दाखव मला."

स्वतःचं काम काय करायचं? ते मी सुचवलं, हे मी मुद्दाम लिहिते. बदलापुराहून अंबरनाथला जाणाऱ्या रस्त्यावर अकरा विहिरी होत्या, आणि कुठल्या पाण्यात वाल शिजतात, कुठल्यात शिजत नाहीत, कुठल्यात साबण दह्यासारखा फाटतो, हे त्या रस्त्यावरच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. मी म्हटलं, "तुझ्या काचेच्या नळीला हे कळतं का बघ." ती उडालीच. म्हणाली, "ताई, हेच मोजतात! पाण्याचा जडपणा!"

मार्गशीर्षात आम्ही दोघी पंधरा दिवस हिंडलो. पहाटे, बायकांनी विहीर ढवळायच्या आत. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग भरायची, बूच, चिठ्ठी. घरी आल्यावर ती बाटलीत साबणाचं पाणी थेंबथेंब टाकायची आणि हलवायची. फेस टिकेपर्यंत किती थेंब लागले ते वहीत लिहायचं. विहिरींना तिने बदलापुरापासून रस्त्याच्या क्रमाने नंबर दिले, एक ते अकरा. वहीत नुसते नंबरच.

चार नंबरची विहीर गावाबाहेरच्या वस्तीची होती. त्या वस्तीला तेव्हा काय म्हणत ते सगळ्यांना माहीत आहे, मी लिहीत नाही. रस्त्यापासून पन्नास पावलं आत, करवंदीच्या जाळीमागे. मी रस्त्यावरच उभी राहिले. मी तेव्हा तशीच होते, खोटं कशाला सांगू? बहीण सरळ आत गेली. तिथल्या एका बाईने पोहरा ओढून दिला आणि विचारलं, "आमचं पानी तुमाला कशाला गो बाय?" बहीण म्हणाली, "तपासायला." ती बाई म्हणाली, "तपास. वाल अर्ध्या घटकंत शिजतात आमचे."

खरंच सगळ्यांत हलकं पाणी चार नंबरचं निघालं. बॉयलरला सर्वांत चांगलं. आणि सर्वांत वाईट पुढचं, पाच नंबरचं. रस्त्याला लागून, मोठी बांधीव विहीर, वर रहाट, बघायला सुंदर. त्यातलं पाणी नुसतं चुनखडीचं.

पौष लागता लागता बहिणीने वही केमिस्टसाहेबांना दाखवली. त्यांनी उभ्याउभ्या चाळली आणि म्हणाले, "मोठ्या साहेबांना दाखवतो. दोन दिवसांत देतो." आम्ही दोन दिवस थांबलो. मग आठ. मग संक्रांत आली.

संक्रांतीचं हळदीकुंकू केमिस्टसाहेबांच्या बंगल्यावर तीन दिवस असे. पहिल्या दिवशी अधिकाऱ्यांच्या बायका, दुसऱ्या दिवशी कारकुनांच्या, तिसऱ्या दिवशी उरलेला तिळगूळ आणि आम्ही. बाईसाहेब हाताला अत्तर लावत सगळ्यांना सांगत होत्या, "आमचा भाचा लागला बरं का प्रयोगशाळेत! किती मेहनत केली पोराने. बदलापूरपर्यंतच्या सगळ्या विहिरी पायी हिंडून पाणी तपासलं. मोठे साहेब खूश!"

माझ्या हाताला अत्तर लागलेलं होतं, म्हणून मी हात उचलला नाही. विचारलं, "बाईसाहेब, पाय दुखले असतील हो त्यांचे."

"दुखले ना! मीच तेल लावून दिलं."

"गरम करून लावायचं," मी म्हटलं. "पंधरा दिवसांचा शीण आहे तो. माझ्या बहिणीचे पाय अजून दुखतात."

त्यांना कळलं. पुढच्या बाईकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी बहीण स्वतः कारखान्यात गेली. मी फाटकाशी थांबले. अर्ध्या तासाने ती बाहेर आली, हातात एक कागद. कारखान्याच्या छापील कागदावर, सेवाभावाने समाजकार्य केल्याबद्दल प्रशस्तिपत्र. केमिस्टसाहेब म्हणाले होते, "मुली, वही कारखान्याच्या कामात अडकली आहे. आणि प्रयोगशाळेत अॅसिड असतं, वाफा असतात. तुझं लग्न व्हायचंय. तुझ्या भल्याचंच बघतोय मी."

तो कागद मी त्याच संध्याकाळी चुलीत घातला. बहीण ओरडली, "ताई, तो माझा होता! कुठेतरी उपयोगी पडला असता!"

"चहा झाला त्याच्यावर," मी म्हटलं. "पडला उपयोगी."

ती मामाकडे मुंबईला निघून गेली, कुठे शाळेत जागा मिळते का बघायला. अक्षय्य तृतीयेला साडेतीन महिने होते. मुरबाडची माणसं एकदा घर बघून नारळही ठेवून गेली.

उन्हाळ्यात त्या कारखान्याला पाणी पुरत नसे. फाल्गुनात ठरलं की बॉयलरसाठी रोज टँकरने विहिरीचं पाणी आणायचं, आणि वही होतीच. एके दिवशी सकाळी भाचा माझ्या दारात. केसांना चापून तेल, बुटांना लाल माती.

"वहिनी, तुमची बहीण आहे का घरात?"

"मुंबईला. नोकरी शोधायला."

तो जरा चुळबुळला. "एक बारीकशी गोष्ट विचारायची होती. वहीत अकरा विहिरी आहेत. मी काल रस्ता पाहिला, मला दहाच दिसल्या."

"नीट पाहिलंत?"

"मोटारीतून उतरून पाहिलं की. मधे ती एक वस्ती लागते, तिथे काही जायचं कारण नव्हतं. बाकी सगळ्या मोजल्या."

तिथेच मला सगळं कळलं. वस्तीची विहीर त्याच्या लेखी विहीरच नव्हती. ती सोडून मोजलं की पाचवी विहीर चौथी होते. मला फक्त तोंड उघडायचं होतं.

मी म्हटलं, "पाणी तुम्हीच तपासलंत ना? सगळ्या विहिरी पायी हिंडून? मग तुम्हांलाच ठाऊक. मी चौथी शिकलेली बाई."

तो हसला. त्याला ते टोचलंसुद्धा नाही. "एक आकडा चुकून जास्त पडला असेल. मुलींचं गणित!"

"असेल बाई," मी म्हटलं.

त्याने चार नंबरची समजून टँकर पाचव्या विहिरीवर लावला. निदान आलेलं पाणी पुन्हा तपासायला हवं होतं, तेच तर त्याचं काम. त्याने वहीतले आकडे उतरवून खाली सही केली.

महिन्याभराने यजमान रुमालात बांधून एक तुकडा घेऊन आले. पांढरा, बोटाएवढा जाड, अंड्याच्या कवचासारखा कडक. म्हणाले, "हे बघ काय निघतंय बॉयलरमधून. नळ्या आतून भरल्यात. दोन दिवस बंद ठेवून आम्हांलाच आत उतरवतात, हातोडी-छिन्नी घेऊन खरवडायला." डोळे लाल झाले होते. खोकत होते. मी त्यांना गुळाचा खडा दिला आणि पाणी दिलं आणि गप्प बसले.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण मी तेव्हाच सांगितलं असतं तर काय झालं असतं? यजमानांनी केमिस्टसाहेबांना सांगितलं असतं, साहेबांनी भाच्याच्या कानात, आणि भाच्याने दुसऱ्या दिवशी टँकर हलवून शाबासकी घेतली असती. बहिणीला अजून एक प्रशस्तिपत्र. मला तो केमिस्ट माझ्या दारात यायला हवा होता. यजमान आणखी एकदा आत उतरले. बॉयलर दुसऱ्यांदा बंद पडला तेव्हा मोठे साहेब प्रयोगशाळेत इतके ओरडले की कारखान्याच्या अंगणात ऐकू आलं. त्यांनी भाच्याला विचारलं, ही विहीर तूच तपासलीस ना, मग माझ्यासमोर परत तपास. त्याला साबणाचं पाणी कसं करायचं तेच ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी केमिस्टसाहेब स्वतः आले. येणार हे यजमानांकडून आदल्या दिवशी कळलं होतं. मी सकाळी उठून पाचव्या विहिरीवर गेले, एक कळशी भरून आणली आणि सोललेले वाल त्या पाण्यात चुलीवर ठेवले. चार तास जाळ दिला.

साहेब बाजेवर बसले. यजमान अवघडून दाराशी उभे. साहेबांनी बहिणीची चौकशी केली, वडिलांची केली, हवेची केली.

मी म्हटलं, "जेवूनच जा साहेब. बिरडं केलंय. आमच्या घरी पहिल्यांदा आलात."

नाही म्हणता येईना. गरज त्यांची होती. मी ताट वाढलं. त्यांनी घास घेतला आणि त्यांचा जबडा थांबला.

"काय झालं?"

"काही नाही. जरा... कच्चे राहिलेत वाटतं."

"चार तास चुलीवर होते. घ्या ना. भात घ्या बरोबर."

"अहो, दाताला लागतात बाई."

"लागणारच. तुमच्या बॉयलरला घालताय तेच पाणी आहे ते. त्याच्या तर पोटात बसलंय. माझा नवरा दोनदा आत उतरून खरवडून आला."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी हात ताटातच ठेवला. मग हळूच म्हणाले, "तुम्हांला ठाऊक आहे चार नंबर कुठली ते."

"मला आहे. माझ्या बहिणीला आहे. तुमच्या भाच्याला नाही."

"कुठली?"

"आधी कागद घ्या. वही कुणाची, पाणी कुणी तपासलं, ते लिहा. सही करा. आणि तिला मोठ्या साहेबांसमोर न्यायचं, अक्षय्य तृतीयेच्या आत. मग सांगते."

त्यांनी लिहिलं. खरकट्या हाताने नाही, हात धुऊन, खिशातलं पेन काढून. मी अक्षर अक्षर वाचून घेतलं. मग सांगितलं, "जाळीमागची. वस्तीतली."

साहेबांचा चेहरा बदलला. "तिथलं पाणी?"

"बॉयलर कुठल्या जातीचा आहे साहेब?" मी विचारलं.

ते उठून गेले. ताट तसंच होतं. यजमान म्हणाले, "तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"फाल्गुनापासून."

"मी आत उतरलो तेव्हा?"

"तेव्हाही."

"म्हणजे त्याच्यावरचा राग तू माझ्या फुप्फुसावर काढलास." त्यांनी पुढचे आठ दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. स्वतः माठातून घेत. माझं काही म्हणणं नव्हतं. घेऊ देत.

बहिणीला तार केली. ती आली, आणि मोठे साहेब तिला जीपमध्ये घालून वस्तीवर घेऊन गेले. मीही गेले, आणि या वेळी विहिरीपर्यंत गेले. तीच बाई पाणी भरत होती. बहिणीने चौथ्या आणि पाचव्या विहिरीच्या दोन बाटल्या साहेबांच्या हातात दिल्या, दोन्हींत सारखे थेंब टाकले आणि म्हणाली, "हलवा." एका बाटलीत फेस गळ्यापर्यंत आला, दुसरीत दूध फाटल्यासारखं झालं. साहेबांनी तिथेच विचारलं, "किती तारखेपासून येशील?"

माझी बहीण काय म्हणाली? "तारखेआधी एक सांगायचं आहे. या विहिरीला टँकर लावू नका. वस्तीला ही एकच आहे, चैत्रात तळ गाठते. ओढ्याच्या अंगाला कारखान्याने आपली विहीर खणावी, पाणी हेच लागेल बहुतेक." त्या बाईने कळशी खाली ठेवून तिच्याकडे नीट पाहिलं. साहेबांनी मान हलवली. पुढे विहीर खणली, पाणी लागलं.

परत येताना साहेबांनी विचारलं, "आणि त्या भाच्याचं काय करू? तू सांग." मी मागे बसले होते. माझ्या अंगात वाघ उभा राहिला. घालवा म्हण, मी मनात म्हणत होते. नोटीस नको, आजच घालवा. केमिस्टसाहेबालासुद्धा.

बहीण म्हणाली, "त्याला ठेवा. पण अकराच्या अकरा विहिरी त्याने माझ्याबरोबर पुन्हा तपासायच्या. पायी."

घरी आल्यावर मी तिला इतकं बोलले की शेजारीण भिंतीपाशी आली. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "ताई, चोरी त्याने केली. पण आकडा माझा होता, आणि माझ्या आकड्यावर दीड महिना चुकीचं पाणी चाललं. भावोजी आत उतरले. तुला माहीत होतं आणि तू मला पत्रसुद्धा टाकलं नाहीस. टाकलं असतंस तर मी त्याच दिवशी येऊन सांगितलं असतं."

"म्हणूनच टाकलं नाही," मी म्हटलं.

"मग मला नोकरी मिळाली नसती, असंच ना?"

"नसतीच मिळाली."

"नसती," ती म्हणाली. "तरी सांगितलं असतं."

यावर आम्ही पन्नास वर्षं भांडलो. ती मोठी केमिस्ट झाली, हाताखाली माणसं आली, सुट्टीत येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना ती पहिल्या दिवशी सांगायची की जिथे जाल तिथे आपलं काम आपल्या नावाने लिहून ठेवा, आणि एक प्रत घरी. माझं नाव ती सांगायची नाही. बरोबरच आहे, त्यांच्यासमोर काय म्हणून सांगणार?

मुरबाडच्या माणसांना वडिलांनी नारळ परत केला, अक्षय्य तृतीयेच्या चार दिवस आधी. बहीण दुसऱ्या आठवड्यात कामावर गेली. पहिल्याच दिवशी तिने भाच्याला घेऊन रस्ता धरला, आणि वस्तीतल्या विहिरीवर त्या बाईने पोहरा त्याच्या हातात देऊन सांगितलं, "वड आता." रहाट नव्हता तिथे, नुसता दोर.

संध्याकाळी बहीण आली ती हसत. म्हणाली, "ताई, बिचाऱ्याच्या हाताला फोड आले."

मी विचारलं, "किती?"

"दोन."

मला कमी वाटले.